पाण्यातलं विद्युत अपघटन: कोणत्या टोकाला काय मिळणार, हे कसं ओळखायचं

१८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही पोटॅशच्या (आजच्या नावाने पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) मागे लागला होता. त्यात एखादं अनोळखी मूलद्रव्य दडलंय असा त्याचा कयास होता. सुरुवातीला त्याने पोटॅशचं पाण्यात घट्ट द्रावण केलं आणि त्यातून वीज सोडली. एका टोकाला हायड्रोजन आला, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. पोटॅश जिथल्या तिथे, फुटलं ते पाणी. मग त्याने पाणी काढून टाकलं, हवेतल्या ओलाव्याने जेमतेम दमट झालेलं पोटॅश विजेनेच वितळवलं, आणि तेव्हा कुठे पाऱ्यासारखे चमकणारे पोटॅशियमचे थेंब बाहेर पडले.

वीज सोडून पदार्थ असा फोडणं म्हणजे विद्युत अपघटन. मिठाच्या द्रावणाचं विद्युत अपघटन विचारलं की आजही बरीच मुलं ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या इलेक्ट्रोडवर, सोडियम लिहून मोकळी होतात. त्यामागचा विचार असा असतो: सोडियम धन आयन आहे, तो ऋणाग्राकडे जातो, म्हणून तिथे सोडियम मिळतो. वितळलेल्या मिठासाठी हे बरोबर आहे. द्रावणात मात्र पाणी नुसतं विरघळवण्याचं काम करत नाही, ते दोन्ही टोकांना उमेदवार म्हणून उभं असतं. शिवाय कोणता आयन कुठे ओढला जातो यावरून निकाल लागतच नाही. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर जे जे हजर आहे, त्यातलं कोण सर्वांत सहज इलेक्ट्रॉन घेतं किंवा देतं, यावर तो लागतो. हा प्रश्न दोन्ही टोकांना वेगवेगळा विचारायची सवय लावली की अकरावी-बारावी, सीईटी, नीट, जेईई इथले जवळजवळ सगळे प्रश्न सुटतात. जिथे सुटत नाहीत त्या जागा मोजक्या आहेत आणि त्यांची कारणंही सांगता येतात.

आधी तक्ता समोर ठेवा

बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला इलेक्ट्रोड म्हणजे धनाग्र, वर्गात आपण त्याला ॲनोड म्हणतो. तिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रॉन देतं. ऋण टोकाला जोडलेला तो ऋणाग्र, म्हणजे कॅथोड. तिथे क्षपण होतं, म्हणजे कुणीतरी इलेक्ट्रॉन घेतं.

आता प्रमाण क्षपण विभव, म्हणजे कोण किती सहज इलेक्ट्रॉन घेतं ते सांगणारा आकडा. २५ अंश सेल्सिअसला, व्होल्टमध्ये, कामापुरते एवढे पुरतात:

फ्लोरीनपासून फ्लोराइड: +२.८७
परऑक्सोडायसल्फेटपासून सल्फेट: +२.०१
क्लोरीनपासून क्लोराइड: +१.३६
ऑक्सिजनपासून पाणी, आम्लात: +१.२३
ब्रोमीनपासून ब्रोमाइड: +१.०७
चांदीच्या आयनापासून चांदी: +०.८०
फेरिकपासून फेरस: +०.७७
आयोडीनपासून आयोडाइड: +०.५४
तांब्याच्या आयनापासून तांबं: +०.३४
हायड्रोजन आयनापासून हायड्रोजन: ०.००
शिसं: −०.१३
निकेल: −०.२५
लोखंड (फेरस): −०.४४
जस्त: −०.७६
पाण्यापासून हायड्रोजन, आम्लारीत: −०.८३
ॲल्युमिनियम: −१.६६
मॅग्नेशियम: −२.३७
सोडियम: −२.७१
पोटॅशियम: −२.९३

यातल्या दोन ओळी पाण्याच्या आहेत: +१.२३ ची आणि −०.८३ ची. या दोन कुंपणांच्या मध्ये जे बसतं ते पाण्याआधी प्रतिसाद देतं, कुंपणाबाहेरचं देत नाही. वाचायची रीत सोपी आहे. ऋणाग्रावर ज्याचा विभव जास्त धन, तो आधी इलेक्ट्रॉन घेतो. धनाग्रावर उलटं वाचायचं: ज्याचा विभव कमी, तो आधी इलेक्ट्रॉन देतो.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो, कारण क्लासच्या नोट्समध्ये तो सहसा सुटतो. पाण्याचे हे दोन्ही आकडे सामूवर (pH वर) अवलंबून आहेत. +१.२३ हा सामू शून्य असतानाचा, तर −०.८३ हा सामू १४ असतानाचा. सामू ७ असलेल्या उदासीन द्रावणात हेच आकडे +०.८२ आणि −०.४१ होतात. परीक्षेत तक्त्यातले आकडे वापरा, तशीच अपेक्षा असते. पण खऱ्या भांड्यात काय घडतं याचा विचार करताना सामू ७ चे आकडे डोक्यात असू द्या, पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

पायरी १: इलेक्ट्रोड कशाचा आहे ते बघा

प्रश्न वाचताना सगळ्यात आधी इथे नजर गेली पाहिजे, आणि नेमकी इथेच ती सर्वांत उशिरा जाते. प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइट असेल तर इलेक्ट्रोड निष्क्रिय, तो फक्त इलेक्ट्रॉन पोचवतो. तांबं, चांदी, निकेल, जस्त यांचा धनाग्र असेल तर तो स्वतःच एक उमेदवार असतो. तांब्याला इलेक्ट्रॉन द्यायला +०.३४ पुरतात, पाण्याला +१.२३ लागतात. म्हणून तांब्याचा धनाग्र विरघळतो आणि ऑक्सिजन येत नाही.

ऋणाग्र कशाचा आहे याने शालेय प्रश्नात फरक पडत नाही. धातू आधीच क्षपित अवस्थेत असतो, तो आणखी इलेक्ट्रॉन घेणार नाही. पाऱ्याचा ऋणाग्र हा एकच मोठा अपवाद, त्याचं पुढे बघू.

पायरी २: दोन्ही टोकांच्या उमेदवारांची यादी लिहा

कच्च्या कागदावर खरंच लिहा. ऋणाग्रासाठी: द्रावणातले सगळे धातू आयन, पाणी, आणि द्रावण आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयन. धनाग्रासाठी: सगळे ऋण आयन, पाणी (आम्लारीधर्मी द्रावणात हायड्रॉक्साइड), आणि इलेक्ट्रोड सक्रिय असेल तर त्याचा धातू.

या यादीत एक सापळा आहे. ज्याचं आणखी ऑक्सिडीकरण होऊ शकतं असा धन आयनसुद्धा धनाग्रावर उमेदवार असतो. फेरस सल्फेटचं द्रावण घ्या. धनाग्रावर ‘सल्फेट की पाणी’ एवढाच वाद घातला तर उत्तर ऑक्सिजन येईल. पण फेरस आयन +०.७७ व्होल्टला इलेक्ट्रॉन देऊन फेरिक व्हायला तयार आहे, पाण्याच्या कितीतरी आधी. तो धन आहे, धनाग्र त्याला ओढत नाही, तरी द्रावणात तो सगळीकडे आहेच आणि विसरणाने पृष्ठभागापर्यंत पोचतो. तेवढं पुरतं.

याच तत्त्वावर महाराष्ट्रात एक कारखाना चालतो. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीजवळ मॉइल कंपनी विद्युत अपघटनाने मँगनीज डायऑक्साइड बनवते, जो सुक्या बॅटरीच्या सेलमध्ये लागतो. गंधकाम्ल मिसळलेल्या मँगनीज सल्फेटच्या गरम द्रावणातून वीज सोडली की मँगनीजचा धन आयन धनाग्रावर इलेक्ट्रॉन देतो आणि तिथेच काळ्या डायऑक्साइडचा थर चढतो. ऋणाग्रावर येतो नुसता हायड्रोजन. ‘धन आयन म्हणजे ऋणाग्र’ हे समीकरण डोक्यात घट्ट बसलं असेल त्याला हा कारखाना उलटाच चाललाय असं वाटेल.

पायरी ३: ऋणाग्राचा निकाल

धातूंचे तीन गट करा.

पोटॅशियमपासून ॲल्युमिनियमपर्यंतचे धातू पाण्याच्या कुंपणाबाहेर आहेत. द्रावणातून ते मिळत नाहीत, नेहमी हायड्रोजन येतो. म्हणूनच ॲल्युमिनियम वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून काढावं लागतं.

तांबं, चांदी, सोनं, पारा हे हायड्रोजनच्या वर आहेत. तिथे नेहमी धातू मिळतो, द्रावण आम्लधर्मी असलं तरी.

मधला गट म्हणजे जस्त, लोखंड, निकेल, कथील, शिसं. तक्त्यात ते पाण्याच्या −०.८३ च्या वर आहेत, म्हणून पाठ्यपुस्तकी उत्तर धातू. पण सामू ७ चा −०.४१ घेतला तर जस्त आणि लोखंड खाली जातात आणि हायड्रोजन यायला हवा. प्रत्यक्षात पुरेशा घट्ट द्रावणातून धातूच मुख्यतः बसतो, सोबत थोडा हायड्रोजन येतो, आणि आम्ल जितकं जास्त तितका हायड्रोजनचा वाटा वाढतो. निकेल प्लेटिंगच्या टाकीत बोरिक आम्ल घालतात ते यासाठीच. हायड्रोजन सुटला की पृष्ठभागाजवळचा सामू वर सरकतो आणि थर बिघडतो, बोरिक आम्ल तो धरून ठेवतं.

एकाच द्रावणात अनेक धातू असतील आणि व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर ते तक्त्याच्या क्रमाने एकामागून एक बसतात. चांदी, तांबं, निकेल आणि मॅग्नेशियम यांच्या नायट्रेटांचं मिश्रण असेल तर आधी चांदी, मग तांबं, मग निकेल, आणि मग हायड्रोजन. मॅग्नेशियमची पाळी कधीच येत नाही.

पायरी ४: धनाग्राचा निकाल

इलेक्ट्रोड निष्क्रिय आहे असं धरू. आयोडाइड असेल तर आयोडीन, ब्रोमाइड असेल तर ब्रोमीन. तक्त्यात दोघेही पाण्याच्या +१.२३ च्या खाली आहेत, वाद नाही. सल्फेट, नायट्रेट आणि फ्लोराइड असेल तर ऑक्सिजन, कारण यांच्याकडून इलेक्ट्रॉन काढण्यापेक्षा पाण्याकडून काढणं सोपं. नायट्रेट आणि सल्फेटमध्ये मधला अणू आधीच सर्वोच्च ऑक्सिडीकरण अवस्थेत असतो. फ्लोराइडचा +२.८७ तर पाण्याच्या आसपासही नाही. म्हणूनच १८८६ साली आँरी म्वासाँला फ्लोरीन मिळवण्यासाठी पाण्याचा थेंबही नसलेल्या हायड्रोजन फ्लोराइडमध्ये काम करावं लागलं.

राहिला क्लोराइड. तक्ता सांगतो ऑक्सिजन: +१.२३ हा +१.३६ पेक्षा कमी आहे. आणि जगभरातल्या क्लोर-अल्कली कारखान्यांत मिठाच्या घट्ट द्रावणातून धनाग्रावर क्लोरीन येतो. ‘हा अपवाद आहे, पाठ करा’ असं सांगून पुढे जाणं मला पटत नाही, कारण इथे जे कळतं त्यानेच पुढचे सगळे अपवाद उलगडतात.

तक्ता फक्त एवढंच सांगतो की अभिक्रिया व्हायला किमान किती विभव हवा. ती किती वेगाने होईल हे तो सांगत नाही. पाण्यापासून ऑक्सिजनचा एक रेणू व्हायला दोन पाणी रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन आणि चार हायड्रोजन आयन निघावे लागतात आणि दोन ऑक्सिजन अणूंमध्ये नवा बंध जुळावा लागतो. हे टप्प्याटप्प्याने, अडखळत होतं. क्लोरीनला दोनच इलेक्ट्रॉन लागतात, मार्ग सरळ आहे. ऑक्सिजन जोमाने सुटावा म्हणून ग्रॅफाइट किंवा प्लॅटिनमवर तक्त्यापेक्षा बराच जास्त विभव द्यावा लागतो. या जास्तीच्या विभवाला अतिविभव म्हणतात. तो विभव देईपर्यंत क्लोराइडचा +१.३६ केव्हाच ओलांडलेला असतो.

मग ‘घट्ट द्रावण असेल तर क्लोरीन, अगदी विरल असेल तर ऑक्सिजन’ हा नियम कुठून आला? बऱ्याच जणांना वाटतं की घट्टपणामुळे क्लोराइडचा विभव खाली येतो. येतो, पण किती? संपृक्त मिठाच्या पाण्यात लिटरला साधारण साडेपाच मोल क्लोराइड असतो. द्रावणाच्या घट्टपणानुसार विभव किती बदलतो ते सांगणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात टाकलं तर विभव फक्त ०.०४ व्होल्टने घटतो. त्याने निकाल फिरत नाही. खरी मदत वेगाची होते: पृष्ठभागाशी क्लोराइडची गर्दी असते, तिथे एक आयन संपला की दुसरा लगेच हजर. विरल द्रावणात तो पुरवठा तुटतो, वीज तर वाहायची असते, मग पाण्यालाच इलेक्ट्रॉन द्यावे लागतात. या दोन टोकांच्या मधल्या द्रावणात दोन्ही वायू मिसळून येतात. परीक्षेत ‘घट्ट’ किंवा ‘ब्राइन’ लिहिलं असेल तर क्लोरीन, ‘अतिविरल’ लिहिलं असेल तर ऑक्सिजन, आणि काहीच लिहिलं नसेल तर क्लोरीन लिहा.

पायरी ५: भांड्यात मागे काय उरलं

अर्धे गुण इथे असतात. ऋणाग्रावर पाण्यापासून हायड्रोजन सुटला की मागे हायड्रॉक्साइड राहतो. धनाग्रावर पाण्यापासून ऑक्सिजन सुटला की मागे हायड्रोजन आयन राहतो. यावरून हिशेब आपोआप लागतो.

हायड्रोजन आणि हॅलोजन निघाले तर द्रावण आम्लारीधर्मी होतं, मिठाच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड तयार होतो तो असा. धातू आणि ऑक्सिजन निघाले तर द्रावण आम्लधर्मी होतं. मोरचुदाच्या द्रावणात ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड ठेवले की निळा रंग फिकट होत जातो आणि शेवटी गंधकाम्ल उरतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाले तर फक्त पाणी कमी होतं आणि क्षार होता तेवढा राहतो. धातू आणि हॅलोजन निघाले, जसं कॉपर क्लोराइडमध्ये, तर क्षारच संपत जातो. तांब्याचे इलेक्ट्रोड आणि मोरचूद असेल तर धनाग्रावरून जेवढं तांबं उतरतं तेवढंच ऋणाग्रावर चढतं, रंग बदलत नाही.

तुरटी हे सरावासाठी छान उदाहरण आहे. त्यात पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट आहेत. पहिल्या दोघांना ऋणाग्रावर जागा नाही, तिसऱ्याला धनाग्रावर नाही. मिळतात हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पण ऋणाग्राजवळ हायड्रॉक्साइड साचतो आणि तिथल्या ॲल्युमिनियम आयनाशी जुळून पांढरा, बुळबुळीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड दिसू लागतो. मुलं त्यालाच ‘ॲल्युमिनियम बसलं’ म्हणतात. तो धातू नव्हे.

आणखी एक लक्षात ठेवा. मिठाच्या द्रावणात दोन टोकांच्या मध्ये पडदा नसेल तर धनाग्राचा क्लोरीन आणि ऋणाग्राचा हायड्रॉक्साइड एकमेकांना भेटतात आणि हायपोक्लोराइट होतो, म्हणजे ब्लीचचं द्रावण. द्रावण गरम ठेवलं तर पुढे जाऊन क्लोरेट होतो. कारखान्यात मध्ये आयन-विनिमय पटल लावतात ते या भेटीला अटकाव म्हणून. ते सोडियम आयनाला जाऊ देतं, क्लोराइड आणि हायड्रॉक्साइडला अडवतं.

अपवाद, आणि ते का होतात

पाऱ्याचा ऋणाग्र. १८९० च्या दशकात कास्टनर आणि केल्नर यांनी मिठाच्या द्रावणातूनच सोडियम काढून दाखवला. पाऱ्यावर हायड्रोजनचा अतिविभव प्रचंड असतो, तो सुटायलाच तयार नसतो. शिवाय सुटा झालेला सोडियम लगेच पाऱ्यात विरघळून पारदमिश्रण करतो, त्यामुळे त्याला लागणारा विभवही −२.७१ पेक्षा बराच कमी पडतो. दोन्ही बाजूंनी ढकललं गेल्यावर निकाल फिरतो. नीट आणि जेईईत ‘पाऱ्याचा ऋणाग्र’ हे शब्द दिसले की सोडियम पारदमिश्रण लिहा.

जस्ताचं असंच, फक्त कमी नाट्यमय. राजस्थानातल्या जस्त कारखान्यांत गंधकाम्लयुक्त झिंक सल्फेटच्या द्रावणातून ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्त बसवतात. शून्य विभवाचा हायड्रोजन आयन तिथे मुबलक असतो, तक्त्याप्रमाणे जस्ताला संधीच नाही. पण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन फार सावकाश सुटतो. म्हणून ते द्रावण आधी कसून शुद्ध करावं लागतं. अँटिमनीसारख्या धातूचा अंश राहिला तर तिथे हायड्रोजनला सोपी वाट मिळते आणि बसलेलं जस्त परत विरघळू लागतं.

याहून घरगुती उदाहरण इन्व्हर्टरच्या बॅटरीचं. ती चार्ज होताना ऋणाग्रावर लेड सल्फेटपासून शिसं बनतं, धनाग्रावर लेड सल्फेटपासून लेड डायऑक्साइड. दुसऱ्या अभिक्रियेला जवळपास +१.६९ व्होल्ट लागतात, पाण्याच्या +१.२३ च्या खूप वर. तक्ता शब्दशः खरा मानला तर ही बॅटरी चार्ज व्हायलाच नको, सगळी वीज पाणी फोडण्यात जायला हवी. शिसं आणि लेड डायऑक्साइड या दोन्हींवर वायू सुटायला मोठा अतिविभव लागतो म्हणून आपले पंखे चालतात. लेड सल्फेट संपत आलं आणि चार्जिंग सुरूच राहिलं की मात्र हायड्रोजन-ऑक्सिजन निघतात, पाणी घटतं, आणि आपण डिस्टिल्ड वॉटर आणायला जातो.

घट्ट गंधकाम्लाचाही एक प्रश्न येतो. विरल असेल तर धनाग्रावर ऑक्सिजन. पण आम्ल पुरेसं घट्ट, थंड आणि विजेची घनता जास्त असेल तर सल्फेटचे दोन आयन जुळून परऑक्सोडायसल्फेट होतो. पूर्वी हायड्रोजन पेरॉक्साइड याच वाटेने बनवत.

तांब्याचं शुद्धीकरण: तीच रीत, दोनदा

अशुद्ध तांब्याच्या धनाग्रात लोखंड, निकेल, जस्त, चांदी, सोनं असं काय काय असतं. धनाग्रावर विचारा: तांब्याआधी कोण इलेक्ट्रॉन देईल? तक्त्यात तांब्याच्या खाली असलेले, म्हणजे जस्त, लोखंड, निकेल. ते तांब्याबरोबर विरघळतात. चांदी +०.८० वर आहे, सोनं त्याहूनही वर, ते विरघळत नाहीत. आधार निघून गेला की तळाला गाळ म्हणून बसतात. आता ऋणाग्रावर विचारा: कोण आधी इलेक्ट्रॉन घेईल? द्रावणात तांबं, जस्त, लोखंड, निकेल आहेत, त्यांत सर्वांत वर तांबं. तेवढंच बसतं, बाकीचे द्रावणात राहतात. म्हणजे धातू दोन चाळण्यांमधून जातो आणि दोन्ही चाळण्या एकाच आकड्याने, +०.३४ ने, ठरतात. यासाठी व्होल्टेज मुद्दाम अगदी कमी, एका व्होल्टच्या अर्ध्याहूनही खाली ठेवतात. जास्त दिलं तर चाळणीची भोकं मोठी होतात. तो गाळ टाकून देत नाहीत हे सांगायला नको.

किती मिळणार?

काय मिळणार हे ठरल्यावर फॅरडेचा नियम: जितकी वीज वाहते तितक्या प्रमाणात पदार्थ मिळतो. एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ९६,४८५ कूलोम. २ अँपिअर वीज ३० मिनिटं सोडली तर २ × १८०० = ३६०० कूलोम, म्हणजे ०.०३७३ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याच्या एका अणूला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ०.०१८७ मोल, म्हणजे सुमारे १.१८ ग्रॅम तांबं. हीच वीज मिठाच्या घट्ट द्रावणातून गेली तर हायड्रोजन आणि क्लोरीन प्रत्येकी ०.०१८७ मोल, मोलला २२.४ लिटर धरून सुमारे ४१८ मिलिलिटर. ऑक्सिजनच्या एका रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून तो निघाला असता तर निम्मा, २०९ मिलिलिटर. उत्पादित चुकलं की हा सगळा हिशेबही चुकतो, म्हणून घाईने सूत्रात आकडे भरू नका.

घरी बघायचं असेल तर

दोन्ही टोकं काढलेल्या दोन पेन्सिली, ९ व्होल्टची बॅटरी, काचेचा ग्लास, मिठाचं पाणी आणि चिमूटभर हळद. हळद आम्लारीत लाल होते, कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात ते याच गुणावर. वीज सुरू केली की ऋणाग्राभोवती बुडबुडे येतात आणि पाणी लालसर होत जातं: हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड. धनाग्राजवळ हळदीचा पिवळा रंग उडू लागतो आणि पोहण्याच्या तलावासारखा वास येतो, तो क्लोरीनचा. खिडकी उघडी ठेवा, वास घ्यायला तोंड जवळ नेऊ नका, दोन-चार मिनिटांत थांबवा.

स्टीलचे चमचे इलेक्ट्रोड म्हणून वापरू नका. मिठाच्या पाण्यात धनाग्राचं स्टील विरघळतं आणि त्यातलं क्रोमियम विषारी रूपात द्रावणात येऊ शकतं. घरातल्या प्लगची वीज तर कुठल्याही परिस्थितीत नाही. क्लोरीन नको असेल तर मिठाऐवजी धुण्याचा सोडा घाला, मग दोन्ही टोकांना फक्त पाणी फुटतं आणि हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट निघतो. मात्र सोड्याच्या द्रावणात हळद आधीच लाल होईल, म्हणून ती वगळा. पेन्सिलीवर निघालेला ऑक्सिजन ग्रॅफाइटलाही थोडा खातो, त्यामुळे प्रमाण अगदी नेमकं दोनास एक दिसेलच असं नाही.

सरावासाठी पाच

आधी स्वतः सोडवा, मग खालचं वाचा.

१. पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, ग्रॅफाइटचे इलेक्ट्रोड.
२. सिल्व्हर नायट्रेट, दोन्ही इलेक्ट्रोड चांदीचे.
३. सोडियम फ्लोराइड, प्लॅटिनम.
४. निकेल सल्फेट, धनाग्र निकेलचा, ऋणाग्र लोखंडी वस्तू.
५. सोडियम ॲसिटेटचं घट्ट द्रावण, प्लॅटिनम.

पहिल्यात ऋणाग्रावर हायड्रोजन, धनाग्रावर आयोडीन. उरलेल्या आयोडाइडमुळे आयोडीन विरघळलेलाच राहतो आणि द्रावण तपकिरी दिसतं, ऋणाग्राकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्यात चांदी धनाग्रावरून उतरते आणि ऋणाग्रावर चढते, ऑक्सिजन नाही, द्रावण तसंच. तिसऱ्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे फक्त पाणी फुटतं. चौथं म्हणजे निकेल प्लेटिंग: निकेल विरघळतो, वस्तूवर निकेल बसतो, सोबत थोडा हायड्रोजन. पाचव्यात ऋणाग्रावर हायड्रोजन ठीक, पण धनाग्रावर ‘पाणी, म्हणून ऑक्सिजन’ लिहिलं असेल तर खोडा. ॲसिटेट आयन इलेक्ट्रॉन देऊन कार्बन डायऑक्साइड सोडतो, मागे राहिलेले दोन मिथिल गट जुळून इथेन होतो. ही कोल्बेची अभिक्रिया, अकरावीच्या हायड्रोकार्बनच्या धड्यात अल्केन बनवण्याच्या पद्धतींमध्ये ती असते, आणि विद्युत अपघटनाच्या प्रश्नात ती आली की ओळखू येत नाही, कारण तो धडा वेगळ्या वहीत असतो.